भुरी कोणाला लाथ मारते

साकोली,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. मोठ्या आईस,
तृप्तीचा साष्टांग नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, त्यातल्या तीन म्हशीच्या. चौथीत मी जेवते की नाही हे विचारलंस. जेवते.

परवा फोन केला होता. तो मोठ्या बाबांनी उचलला. खाणीत वर्षानुवर्षं ड्रिल चालवून त्यांच्या कानांचं जे व्हायचं ते झालंच आहे. मी विचारलं, "भुरी कशी आहे?" ते म्हणाले, "हो, धान चुरून झालं." म्हणून पुन्हा पत्रच. तसंही तू म्हणायचीस की फोनवर माणूस तोंडाला येईल ते बोलते, कागदावर विचार करून बोलते. तुझ्या दिराची, म्हणजे माझ्या बाबांची, नोकरी नागझिऱ्याच्या जंगलनाक्यावर, तिथं शाळा नाही, म्हणून मला तुझ्याकडे ठेवलं आणि माझी पहिली-दुसरी तुझ्या ओट्यावर झाली. त्या घरात खोडरबर नव्हतं हे मी दवाखान्यात सगळ्यांना सांगते. चूक झाली तर खोडायची नाही, तिच्या खाली बरोबर लिहायचं. आमच्या दवाखान्याचे परिचर भुपेंद्र म्हणतात, "म्हणूनच मॅडमचा एक केसपेपर दोन पानांचा होते."

आता भुरी. पाच वर्षांत कधी पाय न उचललेली म्हैस दिवाळीपासून दूध काढताना लाथ मारते, असं तू लिहिलंस. सप्टेंबरमध्ये नागपूरला आमचं जे प्रशिक्षण झालं ते याच विषयावर होतं. जनावराला बोलता येत नाही, म्हणून ते वागून सांगतं. ताप चढायच्या आधी, सूज यायच्या आधी वागणूक बदलते. पण आपण त्याला खोडी म्हणतो आणि दोरी शोधतो. तेव्हा मी आधी औषध सांगणार नाही, आधी विचारणार. राग मानू नकोस.

दूध कोण काढतं? माणूस बदललं का? जागा, वेळ, बादली, साडी, काहीही बदललं का? लाथ मारते ती सुरुवातीला की मध्येच? चारही सडांना हात लावल्यावर की एखाद्याच? दूध काळ्या फडक्यावर धरून बघ, गाठ किंवा रक्ताचा धागा दिसतो का. सगळं बारीक लिही. तुला क्षुल्लक वाटेल तेही लिही.

मोठ्या बाबांना नमस्कार, कैलाशदादा, मेघावहिनी आणि मोनिकाला आठवण.

तुझी,
तृप्ती

*

चिखला,
२६ नोव्हेंबर २०२४

चि. तृप्तीस अनेक आशीर्वाद.

तुझे प्रश्न यांना मोठ्यानं वाचून दाखवले. म्हणतात, "म्हशीची चौकशी करून राहिली का सोयरिकीची?" तरी विचारलेस तसं सगळं लिहिते.

दूध मीच काढते, दोन्ही वेळा. भुरी आजवर दुसऱ्या कोणाला बसू देत नव्हती. जागा तीच, बादली तीच. चारा तोच, धानाचं तणीस आणि थोडी ढेप. दोन्ही हातांनी दोन दोन सड धरते, तू पाहिलं आहेस. माझ्या उजव्या हातात येणारे सड ती आरामात काढू देते. डाव्या हातात येणाऱ्या सडांना धरलं की अंग चोरते, आणि मग पाय येतो. काळ्या फडक्यावर दूध चांगलं आहे. गाठ नाही, धागा नाही.

तू क्षुल्लकही लिही म्हणालीस म्हणून लिहिते. परवा चुलीवरून दुधाचं गंज उतरवताना डाव्या करंगळीला चांगलाच चटका बसला. फोड आला तो मेघानं दाखवला, मला कामाच्या गडबडीत कळलंही नाही. मोनिकासाठी वरठीचं एक स्थळ आलं आहे. मुलगा तिथल्या कारखान्यात आहे, घर चांगलं आहे, बघायला पुढच्या महिन्यात येतील. आशाताई घरोघरी फिरत आहेत, अंगावर कुठं डाग आहे का विचारतात. मी सांगितलं, आमच्या घरी डाग आहेत ते फक्त यांच्या बनियनवर. बिचारी हसली आणि पुढच्या घरी गेली.

म्हशीसाठी गोळी किंवा पावडर काही असेल तर पाठव. येऊ नकोस, तुला कामं असतात.

तुझी,
मोठी आई

*

साकोली,
९ डिसेंबर २०२४

ती. मोठ्या आईस,
सा. नमस्कार.

येऊ नकोस म्हणालीस तरी काल आले, ते बरंच झालं. घरी परतल्यावर सगळं पुन्हा एकदा मनात तपासलं आणि मगच लिहायला बसले.

भुरीची कास मऊ आहे, गरम नाही. चालणं, खाणं, रवंथ, डोळे, सगळं उत्तम. फक्त तू म्हणालीस त्याच बाजूच्या सडांवर अर्ध्या चंद्रासारख्या बारीक खुणा आहेत, काही जुन्या, काही ताज्या. त्या तिच्या पिल्लाच्या, वगारीच्या दातांच्या आहेत. तिला दात आलेत आणि ती त्या बाजूनं धसमुसळेपणानं लुचते. भुरीला दुखतं, म्हणून ती लाथ मारते. इतकं साधं आहे.

तेव्हा वगारीला आजपासून वेगळं बांध, शक्यतो भुरीला दिसणार नाही असं. तिचं दूध बादलीतून पाज. सडांना मी दिलेलं मलम लाव. आणि खुणा भरेपर्यंत दूध काढताना भुरीचे मागचे पाय दोरीनं सैलसर बांध. दोरी मला स्वतःला आवडत नाही, पण तुला लागायला नको.

एक सांगू? तू अंगणात उन्हात बसली होतीस तरी सारखी पदर ओढून डावा हात झाकत होतीस. चहाचा कपही एकाच हातानं पुढे केलास. तुला थंडी वाजत असली पाहिजे. इथं बाजारात चांगली स्वेटरं आली आहेत, लांब बाह्यांचं एक बघून ठेवलंय, कैलाशदादा ट्रक घेऊन इकडून गेला की त्याच्याजवळ देते.

तुझी,
तृप्ती

ता. क. मलम जेवणाच्या भांड्यांपासून दूर ठेव. हे तिथं सांगायचं राहिलं का ते आठवत नाही, म्हणून लिहिलं.

*

चिखला,
२१ डिसेंबर २०२४

चि. तृप्तीस अनेक आशीर्वाद.

स्वेटर मिळालं. छान आहे. बाह्या पुरेशा लांब आहेत.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. वगार मागच्या पडवीत बांधली. दिवसभर हंबरते, भुरी इकडून उत्तर देते. पान्हा नीट सोडत नाही, दूध निम्म्यावर आलं. दोरी बांधली तर पहिल्या दिवशी थरथरत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दोरीसकट मागे सरली आणि बादली लोटली. खुणा तुझ्या मलमानं भरत आल्या होत्या, पण पुन्हा नव्या दिसतात. वगार तर जवळही जात नाही. कशाच्या, देव जाणे.

आणि आता ऐक. मंगळवारी मला कणकण होती म्हणून मेघा बसली. दोरी न बांधता. ही सून आजवर म्हशीच्या शेपटीला भ्यायची. भुरी देवीसारखी उभी राहिली. दोन्ही बाजूंनी, चारही सड. मेघा मलाच विचारते, "आई, हे लाथ मारते म्हणता ते कोणती म्हैस?" हे तर काय, गावभर सांगत सुटले. "म्हैस सुनंची झाली, बुढीले रिटायर केलं." मीही हसले.

मी पुन्हा बसून पाहिलं. पुन्हा लाथ.

तुझ्या पुस्तकात याला काही नाव आहे का?

तुझी,
मोठी आई

*

साकोली,
२७ डिसेंबर २०२४

ती. मोठ्या आईस,
सा. नमस्कार.

हे पत्र तीनदा लिहिलं. दोनदा फाडलं, म्हणजे तुझा नियम मोडला. पण मला जे विचारायचं आहे ते सरळ विचारल्याशिवाय राहवत नाही. विचारलं नाही तर मी माझं काम नीट केलं नाही असं होईल.

जनावर हात ओळखतं. मेघावहिनीच्या हाताला ती शांत आहे, म्हणजे आता सडांचा प्रश्न नाही आणि वगारीचाही नाही. तिला तुझी भीती बसली आहे. अशी भीती आपोआप बसत नाही. प्रशिक्षणात आम्हाला हेच सांगितलं होतं की घरचे लोक हे कधी आपणहून सांगत नाहीत, त्यांना विचारावं लागतं.

तू भुरीला मारलं का?

रागाच्या भरात, एकदाच का होईना. काठीनं, किंवा बादलीनं. दिवाळीच्या कामात माणूस थकतं, मी समजू शकते. मी तुला नावं ठेवत नाही. मला फक्त कारण पाहिजे, म्हणजे उपाय करता येईल.

तोपर्यंत तू गोठ्यात जाऊ नकोस. चारापाणीसुद्धा मेघावहिनीनंच करावं. भुरीला तुझा आवाज आला नाही तर आणखी चांगलं. दोन-तीन महिन्यांत ती विसरेल. वगार पुन्हा तिच्याजवळ बांध, त्यात माझी चूक झाली.

राग मानू नकोस. विचारायचं ते नीट विचारावं, हे मला तूच शिकवलंस.

तुझी,
तृप्ती

*

चिखला,
३० जानेवारी २०२५

चि. तृप्तीस आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. वरठीचे पाहुणे येऊन गेले, मोनिका पसंत आहे. शेतात लाखोरीचं कामही निघालं होतं.

तू विचारलंस त्याचं उत्तर, होय. मारलं. एकदा. चूक झाली.

गोठ्यात जाणं मी बंद केलं आहे. पण भुरीला कोण समजावणार? मी अंगणात दिसले की ती दावं ताणते आणि बोलावते. ओट्याच्या कडेला बसले तर मान लांब करून माझा हात चाटते, मग मला घरात यावं लागतं. बोलू नकोस म्हणालीस, म्हणून बोलत नाही.

बाकी ठीक. तू कामात असशील, लगेच उत्तर देऊ नकोस.

तुझी,
मोठी आई

*

साकोली,
११ मार्च २०२५

ती. मोठ्या आईस,

नमस्कार लिहायचीही मला लाज वाटते.

तुझं जानेवारीचं पत्र आलं तेव्हा आमच्याकडे लसीकरण सुरू होतं. मी ते उभ्या उभ्या वाचलं. "होय. मारलं." एवढं वाचलं आणि मला काय वाटलं ते खरं सांगते. मला बरं वाटलं. माझं निदान बरोबर निघालं म्हणून बरं वाटलं. खालच्या ओळी मी वाचल्या, पण वाचल्या नाहीत. पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि गावोगाव टोचत फिरले. जवळजवळ दीड महिना.

काल एका शेतकऱ्यानं बैल आणला, खांद्याला जखम होती. मी टाके घालत होते आणि मालक शेजारी उभा होता. त्यानं घाम पुसायला हात वर केला. नुसता कपाळाकडे नेला. बैलानं डोळे मिटले आणि मान आत ओढली. तो मालक खोकला तरी बैलाची कातडी थरथरायची. भुपेंद्र हळूच म्हणाले, "मॅडम, मार खाऊन आहे हा."

मार खाल्लेलं जनावर असं असतं, मोठी आई. ते माणसाला पाहून दावं ताणत नाही. बोलावत नाही. मान लांब करून हात चाटत नाही.

घरी येऊन तुझं पत्र काढलं आणि आता वाचलं. तू तिला मारलं नाहीस. तू खोटं लिहिलंस. मी एवढी खात्रीनं विचारत होते की तुला दुसरं उत्तर द्यायला जागाच ठेवली नव्हती. कागदावर माणूस विचार करून बोलतं म्हणालीस ते खरं आहे. तू विचार करूनच कबूल केलंस.

मग भुरी कशाला भिते, हे मी तुझी सगळी पत्रं समोर मांडून शोधलं. ती तुला भीत नाही. ती तुझ्या डाव्या हाताला भिते. उजव्या हाताला पहिल्यापासून काही नव्हतं, हे तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. त्या अर्ध्या चंद्राच्या खुणा दातांच्या नव्हत्या, वगार दूर बांधल्यावरही नव्या आल्या. त्या नखांच्या होत्या. तू सड किती आवळतेस ते तुला कळत नव्हतं. चुलीवरचा चटका कळला नव्हता तसंच. आणि बधिर डाग शोधत फिरणाऱ्या आशाताईंना तू हसवून पाठवलंस. आणि उन्हात बसून पदर हातावर ओढत होतीस, तर मी तुला स्वेटर पाठवलं. झाकायला आणखी लांब बाह्या दिल्या.

मी कास पाहिली, सड पाहिले, खूर पाहिले, शेपटीखालून ताप पाहिला. ज्या हातांनी ती दुहिली जाते ते हात पाहिले नाहीत. ते हात माझ्यासमोर चहा घेऊन उभे होते. आणि म्हैस दिवाळीपासून तेच सांगत होती, तर मी तिचे पाय बांधायला सांगितले.

मी माणसांची डॉक्टर नाही, चुकत असेन तर बरंच. पण मला वाटतं हा कुष्ठरोग असावा. घाबरू नकोस. या आजाराला औषध आहे, सरकारी दवाखान्यात मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो. नसांना धोका असतो तो उशिराचा. म्हणून उशीर नको.

हे पत्र टाकत नाही. गुरुवारी सकाळच्या बसनं तुला न्यायला येते आणि हातातच देते. आधी वाच, मग साडी बदल. आपण दोघी जाऊ. कोणाला काही सांगायचं नसेल तर भुरीचं औषध आणायला जातो म्हणू.

तृप्ती

*

चिखला,
२ एप्रिल २०२५

चि. तृप्तीस अनेक आशीर्वाद.

गोळ्यांची पट्टी नेमानं घेते. लघवीचा रंग लाल होतो ते नर्सबाईनं आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही. हे मात्र घाबरले. आता घरी सगळ्यांना माहीत आहे.

बसमध्ये तू नुसती माझी पिशवी धरून बसली होतीस आणि भोवती लोक होते. म्हणून आता लिहिते. मला दसऱ्यापासून शंका होती. कोपराखाली फिका डाग, तिथं चिमटा घेतला तरी कळत नव्हतं. आमच्या माहेरी माझी एक आत्या होती. तिला महारोग झाला म्हणून परसात खोपडी बांधून दिली होती. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. मी लहान होते, भाकर मीच नेऊन ठेवायची आणि पळत परत यायची. आमच्या आत्याला मी कधी जवळून पाहिलं नाही. आणि इकडे मोनिकाचं जुळून येत होतं. मग कसं सांगणार?

तू लिहिलंस की तू मला दुसरी जागा ठेवली नाहीस. तसं नाही. तू विचारलंस तेव्हा मला एका परीनं बरंच वाटलं होतं. मारलं म्हटलं की कोणी हात पाहत नाही.

मोनिकानं त्या मुलाला स्वतःच फोन करून सगळं सांगितलं. मी नको म्हणत होते. म्हणाली, "बाबांच्या कानाचं सांगितलं, तसं हे सांगितलं." तिकडून अजून निरोप नाही.

तू मनाला लावून घेऊ नकोस. डॉक्टर म्हणालेच की, अगदी वेळेवर आलात. बोटांना व्यायाम दिला आहे, ती सरळ होतील.

तुझी,
मोठी आई

*

साकोली,
६ एप्रिल २०२५

ती. मोठ्या आईस,
सा. नमस्कार.

डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलं. मी तिथंच होते, तुझ्या खुर्चीमागे उभी. ते म्हणाले, औषधानं आजार जाईल आणि कोणाला लागणारही नाही. बोटांचं मात्र सांगता येत नाही, थोडं आधी आला असता तर नस बरीचशी वाचली असती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्यांनी सरळ करून पाहिलं. सोडल्यावर ती पुन्हा वाकली. तू माझ्याकडे वळून पाहिलंस, मी ऐकलं का म्हणून. मी भिंतीवरचा तक्ता वाचत असल्यासारखं केलं.

म्हणजे आपण दोघींनी एकमेकींशी पुन्हा खोटंच केलं.

थोडं आधी म्हणजे कधी, हे मला कळतं. डिसेंबरच्या त्या रविवारी, चहाच्या वेळी. तेव्हा राहिलं तर सत्तावीस तारखेला, जेव्हा तुला लाथ मारते आणि सुनेला नाही, हे समोर लिहिलेलं होतं. तेव्हाही राहिलं तर जानेवारीच्या शेवटी. एकेका वेळेला एकेक बोट असं मला वाटत राहतं. नसा अशा मोजता येत नाहीत हे ठाऊक असूनही वाटतं.

दवाखान्यात हल्ली मी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारते. काल एका बकरीला इंजेक्शन देण्याआधी इतका वेळ लावला की बकरीवाली बाई म्हणाली, "डॉक्टरीणबाई, हिले काय झालं ते सांगा, मी मनाची तयारी करून राहिली." बकरीला फक्त जंत होते.

एक मागते. माझं सत्तावीस डिसेंबरचं पत्र चुलीत घाल. ते घरात आहे असं आठवलं की मी ताटावरून उठते. ज्या बाईनं मला माझं नाव लिहायला शिकवलं तिला मी ते वाक्य लिहून विचारलं. तेवढं जाळ.

तुझी,
तृप्ती

*

चिखला,
२० एप्रिल २०२५

चि. तृप्ती,

आज पुस्तकी लिहीत नाही, जसं येते तसं लिहिते.

पत्र जाळणार नाही. कायले जाळू? या घरात खोडरबर तेव्हाही नव्हतं, आताही नाही. चुकलं तर त्याच्या खाली बरोबर लिहायचं, एवढंच मले येते.

तू विचारलं तेव्हा मले दुखलं, हे खरं आहे. लपवत नाही. पाच वर्षं पोटच्या पोरीसारखी सांभाळली, तिले मी मारीन असं तुले वाटलंच कसं, म्हणून रडली मी. यायले दिसू नये म्हणून परसात जाऊन रडली. ते दुखलं. हात तर दुखतच नव्हता, बापा. दुखला असता तर मीच आधी दवाखान्यात गेली असती.

पण चूक तुह्या एकटीची धरू नको. म्हशीनं सांगितलं, आशाताईनं विचारलं, मेघानं फोड दाखवला. सगळ्यायले मीच परत पाठवलं. भुरी तेवढी परत गेली नाही. रोज लाथ मारत राहिली.

बोटं वाकलेलीच आहेत. तेलात बुडवून रोज सरळ करते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच. होतील तेव्हा होतील. झाकत नाही आता. उन्हाळा आहे, तुहं स्वेटर पेटीत ठेवलं. वरठीवाले म्हणतात, विचार करून सांगतो. करू दे विचार. मोनिका म्हणते, तेवढ्यात मीही करून घेते.

डॉक्टरले विचारून गोठ्यात जाणं चालू केलं. दूध मेघाच काढते. तिचं झालं की मी बसते, उजव्या हातानं शेवटच्या चार धारा काढते, मान राखायले. डावा हात नुसता कासेवर ठेवते, नखं कापून, काही न धरता. पहिल्या दिवशी भुरीनं पाय उचलला. मी हात काढला नाही, आवळलाही नाही. तिनं पाय तसाच वर धरून ठेवला, मारू का नको मारू. मग खाली ठेवला. रोज असंच होते. उचलते, थांबते, खाली ठेवते. हात आता बदलला हे तिले एका दिवसात कसं समजावं? मलेच किती दिवस समजलं नव्हतं.

हे म्हणतात, "बुढी पुन्हा ड्युटीवर लागली."

तू जेवते का?

मोठी आई

*

साकोली,
२६ एप्रिल २०२५

ती. मोठ्या आईस,
सा. नमस्कार.

जेवते. मागच्या महिन्यात नीट जेवत नव्हते. ते तेव्हाच लिहायला हवं होतं.

दवाखान्यात काल एक बाई आली. तिची गाय दुहू देत नाही. मी गायीच्या कासेला हात लावायच्या आधी म्हटलं, "दूध कोण काढते?" ती म्हणाली, "मीच." मी म्हटलं, "बाई, तुमचे हात दाखवता का?" तिला वाटलं, मी हात धुतले का ते बघते. रागावली. "धुऊनच आली मी." तरी दाखवले. दोन्ही बाजूंनी पाहिले, पेनाचं टोक टेकवून विचारलं, कळतं का. कळत होतं. हात चांगले होते. गायीच्या एका सडाला चीर होती, तिला औषध दिलं.

भुपेंद्र म्हणाले, "मॅडम, आता माणसंही तपासणार का?" मी म्हटलं, तपासणार नाही, बघणार.

पुढच्या रविवारी येते. तोवर तुझ्या सांगण्याप्रमाणे खाली लिहिते. वरचं खोडलेलं नाही.

तू भुरीला मारलं का?

मोठी आई, तुझा हात दाखव.

तुझी,
तृप्ती